हिमसंचयातील दुर्बल थर व हिमलोट

काश्मीरमधील गुलमर्गचा रज्जुमार्ग अफरवत पर्वतावर ३,९०० मीटरांहून अधिक उंचीपर्यंत जातो. तेथून अनेक स्कीपटू आखीव मार्ग सोडून निसर्गसिद्ध उतारांवर उतरतात. या परिसरात १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीपटू हिमलोटात मृत्युमुखी पडले. हिमलोटाचे कारण सामान्यतः ताज्या हिमात शोधले जाते. परंतु निर्णायक घटक पुष्कळदा त्याखाली दडलेला असतो.

हिमसंचय एकजिनसी नसतो. प्रत्येक हिमवृष्टीबरोबर त्यावर नवा थर चढतो. जमिनीलगतच्या हिमाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते, तर पृष्ठभाग निरभ्र रात्री अतिशय थंड होतो. हिवाळ्याच्या आरंभी संचय पातळ असल्यामुळे हा फरक अल्प जाडीत सामावतो. तो दर मीटरला सुमारे १० अंश सेल्सियसहून अधिक झाला, म्हणजे खालून वर सरकणाऱ्या बाष्पापासून साखरेच्या दाण्यांसारखे पैलूदार, सुटे स्फटिक वाढू लागतात. त्यांच्यात परस्परबंध अत्यल्प असतो. पुढे जोराची हिमवृष्टी झाली, किंवा वाऱ्याने आडोशाच्या बाजूस हिम आणून टाकले, की या दुर्बल थरावर एकसंध लादी तयार होते.

स्कीपटूच्या भाराने दुर्बल थर एका ठिकाणी खचला, तर भंग क्षणार्धात दूरवर पसरतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सबंध लादी निसटते. म्हणूनच प्राणघातक हिमलोट बहुधा बळी पडणाऱ्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेला असतो. पायांखाली ‘धप्प’ असा दबका आवाज येणे, हे थर खचल्याचे प्रत्यक्ष चिन्ह होय. उलटपक्षी, उतारावर आधीच्या स्कीपटूंच्या खुणा असणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. लादीची जाडी जागोजाग बदलते. जेथे ती पातळ, तेथे भार खालपर्यंत पोचतो. नऊ जण सुखरूप उतरल्यावरही दहावा तिला हलवू शकतो.

गाडल्या गेलेल्या मनुष्याच्या जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. यास्तव रेडिओ-शोधयंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ असणे अगत्याचे आहे. तथापि ही साधने अपघातानंतरची होत. दुर्बल थराची शंका असेल, तर ३० अंशांहून सौम्य आणि वरच्या तीव्र चढणीपासून दूर असलेला उतार निवडणे, हाच खरा प्रतिबंध.