सारखी सुई, निराळी कुळे

माती परीक्षणाच्या अहवालात ‘सूत्रकृमी आढळले’ एवढीच नोंद असेल, तर तिच्यावरून उपाय सुचविणे घाईचे ठरते. जिवंत मातीत सूत्रकृमी असायचेच. त्यांतील पुष्कळसे जिवाणू वा बुरशी खाऊन जगतात. जिवाणूभक्षक सूत्रकृमींनी उत्सर्जित केलेला अमोनियारूपी नत्र तर पिकाच्याच कामी येतो. म्हणून संख्येआधी कूळ पाहावे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिटवुड यांनी सूत्रकृमींचे दोन मोठे गट पाडले : शेपटीजवळ ‘फॅस्मिड’ ही सूक्ष्म संवेदी इंद्रिये असलेले आणि नसलेले. १९९८ मध्ये मार्क ब्लॅक्स्टर व सहकाऱ्यांनी ५३ जातींतील रायबोसोमच्या एका जनुकाची तुलना केली, तेव्हा वंशवृक्षाचे चित्र पालटले. वनस्पतींवरील परजीवी जीवन किमान तीन वेळा, स्वतंत्रपणे उद्भवल्याचे दिसून आले.

याची खूण तोंडातच आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉयडोगायनीची पोकळ सुई मुखाच्या अस्तरापासून घडली आहे; द्राक्षात विषाणू पसरविणाऱ्या झिफिनेमाची सुई घशाच्या भित्तिकेतील पेशीपासून तयार होते; ट्रायकोडोरसपाशी तर पोकळ सुईच नाही, वाकडा भरीव दात आहे. काम एकच, घडण निराळी.

मित्रकीटकांसारखे वापरले जाणारे स्टायनरनेमा व हेटेरोरॅबडायटिसही असेच फसवतात. दोघेही आपल्या पोटातील जिवाणूंच्या साहाय्याने किडी मारतात. म्हणून सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात हेटेरोरॅबडायटिसचे जवळचे नाते शेळ्या-मेंढ्यांच्या जठरातील जंतांशी आहे!

एकाच प्रजातीतही नाव नेमके हवे. टोमॅटोतील ‘एमआय’ हे प्रतिकारक जनुक मेलॉयडोगायनी इनकॉग्निटाला रोखते. भारतातील पेरूबागांत आढळलेल्या मेलॉयडोगायनी एन्टेरोलोबीला मात्र ते रोखत नाही. गाठी दोघांच्याही सारख्याच. प्रतिकारक वाणावर गाठी दिसल्या की बियाण्याला दोष दिला जातो. जमिनीचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यानेही हे जनुक निष्प्रभ होते, हे खरे. पण जात वेगळी असण्याची शक्यता तपासली पाहिजे. मादीच्या मागील टोकावरील वलयांची नक्षी पाहून जात ओळखण्याची जुनी पद्धत येथे अपुरी पडू शकते, तेव्हा डीएनए चाचणीची मागणी करावी.

नमुना पाठविताना ओलसर मातीसोबत गाठी असलेली कोवळी मुळेही द्यावीत. मेलॉयडोगायनीच्या माद्या मुळांतच असतात. झिफिनेमा बाहेरूनच मुळे टोचतो, तो मातीत सापडेल. पिशवी उन्हात ठेवू नये.