वर्षभर मिळून वाचायचं कसं?



आजचा विषय तसा साधा आहे. चार-दहा माणसांनी मिळून वर्षभर मराठीतली जुनी, टिकलेली पुस्तकं वाचायची, तर ते जमवायचं कसं? हल्ली याला 'वाचन आव्हान' म्हणतात. डिसेंबरअखेर बारा पुस्तकांची यादी करायची आणि महिन्याला एक अशी संपवायची. यातल्या बऱ्याच याद्या होळीपर्यंत थांबतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्या का थांबतात आणि सोलापुरात अशी यादी करायची तर ती कशी असावी, एवढंच आम्हाला आज सांगायचं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, 'गाथासप्तशती', 'लीळाचरित्र', 'ज्ञानेश्वरी' ही नावं सगळ्यांच्या तोंडी आली. आनंदाचीच गोष्ट. पण भाषेला दर्जा मिळाला म्हणून कपाटातलं पुस्तक आपोआप उघडत नाही. त्यासाठी कुणीतरी बसून वाचावं लागतं. आणि जुनं पुस्तक एकट्यानं वाचणं अवघड जातं. शब्द अडतात, वाक्यं लांब असतात, पन्नासाव्या पानावर मोबाइल हातात येतो. सोबत लागते ती इथे.

हे आपल्याकडे नवं नाही

मिळून वाचायची कल्पना बाहेरून आली, असं काहींना वाटतं. पण आपल्याच जिल्ह्यात, सांगोला तालुक्यात नाझरे नावाचं गाव आहे. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' लिहिणारे श्रीधरस्वामी तिथले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे हे ग्रंथ. चातुर्मासात देवळात किंवा वाड्याच्या ओसरीवर एकजण पोथी वाचायचा आणि बाकीचं गाव ऐकायचं. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याही कानावर पूर्ण ग्रंथ जायचा. 'हरिविजया'चे ३६ अध्याय, 'पांडवप्रतापा'चे ६४. हे छोटे ग्रंथ नाहीत. तरीही ते गावोगाव संपत होते.

कसे संपत होते, ते बघा. वेळ ठरलेली. जागा ठरलेली. आज किती वाचायचं, तेही ठरलेलं. एखाद्या दिवशी कुणी आलं नाही, तर पोथी थांबत नसे. तो माणूस दुसऱ्या दिवशी येऊन पुढचं ऐके. आणि शेवटी सांगता, म्हणजे संपल्याचा आनंद सगळ्यांचा मिळून. या चार गोष्टी आजच्या बहुतेक याद्यांत नसतात. यादीत फक्त पुस्तकांची नावं असतात.

हिशोब करून बघा. 'दासबोधा'त २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० समास. आठवड्याला चार धरले, तर ५० आठवड्यांत ग्रंथ पुरा होतो आणि वर्षाचे दोन आठवडे शिल्लक राहतात. 'ज्ञानेश्वरी'च्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत. रोज पंचवीस वाचल्या, तर वर्षभरात होते. मोठं पुस्तक मोठं वाटतं, कारण आपण त्याचं रोजचं माप काढलेलं नसतं.

दुसरं उदाहरण छापील काळातलं. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. पुस्तक आलं १८९३ मध्ये. म्हणजे यमूची गोष्ट त्या वाचकांनी एका बैठकीत वाचलेली नाही. हप्त्यानं वाचली, मधल्या दिवसांत घरात तिच्यावर बोलणं झालं असणार, आणि मग पुढचा अंक. विधवेच्या केशवपनासारखा विषय घराघरात नेण्यात या हप्त्याहप्त्याच्या वाचनाचा मोठा वाटा आहे, असं आम्हाला वाटतं.

पोथीत नव्हतं ते

आता एक फरक सांगायला हवा. पोथीला श्रोते मान डोलवायचे. पोथीशी कुणी भांडत नसे. आपल्या वाचनात भांडण हवं. भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. 'हे मला पटलं नाही', 'हे असं नसतं', 'आमच्याकडे वेगळं होतं' असं म्हणायची मोकळीक. एखादं पुस्तक मोठं आहे असं आधीच ठरवून वाचलं, तर त्याच्याविषयी बोलायला काही उरत नाही. सगळे 'छान आहे, छान आहे' म्हणतात, चहा पितात आणि पुढच्या महिन्यात निम्मे येत नाहीत.

म्हणून आम्ही परीक्षण सांगायला लावत नाही. प्रत्येकानं एक उतारा आणायचा, तो मोठ्यानं वाचायचा आणि तोच का आणला हे दोन वाक्यांत सांगायचं. शाळेत कमी गेलेल्या माणसालाही हे जमतं आणि प्राध्यापकालाही. सोलापुरात तर याचा आणखी एक फायदा. इथे घरात तेलुगू, दारात कन्नड, शेजारी उर्दू आणि कचेरीत मराठी असे कितीतरी लोक आहेत. डोळ्यांनी वाचताना अडलेली मराठी कानानं ऐकली की सुटते. आपट्यांची लांब वाक्यंही तशीच सुटतात, कारण यमू ती गोष्ट सांगतेच आहे.

यादी कुठून सुरू करायची

यादी करताना बहुतेक जण 'मराठीतली दहा सर्वश्रेष्ठ पुस्तकं' असं काहीतरी शोधतात. आमचं म्हणणं, आधी आपल्या शहराचा नकाशा काढा.

सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला सांगितलं की तो नेऊन सोडतो. हे नाव आलं कुठून? १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमातींतली माणसं जन्मतःच गुन्हेगार धरली गेली. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. अशी एक वसाहत सोलापुरात होती आणि तिथली माणसं इथल्या गिरण्यांतही राबली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, या जमाती कायद्यातून मुक्त झाल्या.

त्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केलेल्या एका बाईंनी कादंबरी लिहिली. मालतीबाई बेडेकर, म्हणजे 'कळ्यांचे निःश्वास'च्या विभावरी शिरूरकर. कादंबरीचं नाव 'बळी', वर्ष १९५०. म्हणजे कायदा रद्द होण्याच्या आधीची. मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात. ती आपल्या गावात घडली. आता या सभागृहात ती किती जणांनी वाचली आहे, ते मनातल्या मनात मोजा. आम्ही हात वर करायला सांगत नाही.

दुसरं नाव. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत आहे, कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत. गोदूताईंचं नाव हजारो घरांच्या पत्त्यात रोज लिहिलं जातं. वारली आदिवासींच्या लढ्यावरचं त्यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७२ साली साहित्य अकादमीचं मानकरी ठरलं. पत्त्यात नाव आहे, कपाटात पुस्तक नाही, अशी घरं किती असतील?

तिसरं, मंगळवेढा. चोखोबा गावकुसाचं काम करताना तिथे गेले, असं परंपरा सांगते. समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर. कान्होपात्रा मंगळवेढ्याचीच. अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर हे 'अक्करमाशी' लिहिणाऱ्या शरणकुमार लिंबाळ्यांचं गाव. म्हणजे अभिजात साहित्य शोधायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. एसटीच्या पाट्यांवर ते लिहिलेलं आहे.

आमची यादी

बारा महिने आहेत, पण पुस्तकं नऊच ठेवली आहेत. मोठ्या पुस्तकाला दोन महिने द्यावेत.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, कुणाला फुरसत नसते. म्हणून 'श्यामची आई'. सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला, पुस्तक फार थोड्यांनी पूर्ण वाचलेलं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्टी सांगतो, म्हणजे पुस्तकच मुळी मिळून ऐकण्याचं आहे. फेब्रुवारीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', छोटी आणि आपल्याच दुष्काळी पट्ट्यातली. मार्च-एप्रिल लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. मे महिन्यात अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. जून-जुलै आषाढीचे दिवस, तेव्हा चोखोबा, सोयराबाई, कान्होपात्रा, नामदेव, तुकोबा यांचे निवडक अभंग. ऑगस्टमध्ये, ३१ तारखेला सांगता होईल अशा बेतानं, 'बळी'.

आणि सप्टेंबरमध्ये लगेच लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', १९८७चं. हे मुद्दाम केलं आहे. 'बळी' कुंपणाच्या आत नोकरीसाठी गेलेल्या बाईंनी लिहिली. त्यांची करुणा खरी आहे, पण संध्याकाळी त्या घरी जाऊ शकत होत्या. 'उचल्या' लिहिणाऱ्या माणसावर जन्मापासून तो शिक्का होता. एक पुस्तक दुसऱ्याला खोटं पाडत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवली की विचारता येतं : या पानावर कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे? हा एकच प्रश्न आम्ही प्रत्येक पुस्तकाला विचारतो. सेटलमेंट भागात राहणारा वाचक शेजारी बसलेला असेल, तर तो प्रश्न नुसता साहित्याचा राहत नाही. आपण ज्या भागावरून जाताना वर्षानुवर्षं काहीबाही बोलत आलो, त्याच्याविषयी तोंड सांभाळून, नीट बोलायला शिकतो. आमच्या मते वर्षभराच्या वाचनातून एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर 'पण लक्षात कोण घेतो' आणि डिसेंबरमध्ये 'जेव्हा माणूस जागा होतो'. 'अक्करमाशी' पुढच्या वर्षीची पहिली.

प्रती, कायदा आणि विडीचं सूप

प्रतींचा प्रश्न नेहमी येतो. वाचनालयात एका पुस्तकाच्या एक-दोनच प्रती असतात आणि आपण पंधरा जण. इथे कायदा थोडा माहीत हवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सर्वांसाठी मोकळं होतं. आपटे १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचा मूळ मजकूर छापायला, वाचून ध्वनिमुद्रित करायला आणि पाठवायला मोकळा आहे. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा मात्र नाहीत. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले, म्हणजे 'फकिरा' २०२९ संपेपर्यंत बांधलेली. 'बळी', 'बनगरवाडी', 'उचल्या' आणि गोदूताईंचं पुस्तक विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा. पाच जणांत एक प्रत पुरते. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

ध्वनिमुद्रणाचं का सांगितलं? १८६५ पासून क्युबात, हवानाच्या सिगार कारखान्यांत, कामगार हातानं सिगार वळायचे आणि एक वाचक उंच बसून त्यांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे. काय वाचायचं, तेही तेच ठरवायचे. आपल्याकडे घराघरात बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. हात गुंतलेले, कान मोकळे. 'स्मृतिचित्रे' त्यांच्या कानावर गेलं, तर ते पुस्तक त्यांना आपलं वाटेल, अशी आमची खात्री आहे. लक्ष्मीबाईही शाळेत गेलेल्या नव्हत्या.

मागे पडलेल्यांचं काय

शेवटचा मुद्दा, आणि सगळ्यात कामाचा. मागे पडणारे असणारच. कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाची पाळी बदलते, कुणाला डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागतं. त्यांना मागचं भरून काढायला सांगितलं, की ते येणं बंद करतात. म्हणून नियम एकच : पुस्तक वाचलं नसेल तरी बैठकीला यायचं. ऐकायचं. पोथीला बसल्यासारखं बसायचं. ज्याचं वाचन झालेलं नाही, त्याचे प्रश्न पुष्कळदा जास्त सरळ असतात. आणि किती पुस्तकं संपली, याचा तक्ता आम्ही ठेवत नाही. कोण किती वेळा आलं, एवढं वहीत लिहितो.

यादीचे कागद मागच्या टेबलावर आहेत. ज्यांच्याकडे 'बळी'ची जुनी प्रत असेल, त्यांनी जाताना सांगून जा. ऑगस्टला प्रती कमी पडणार आहेत. आता प्रश्न असतील तर घेऊ.