संगणक-जाळ्याचे दार आणि त्याचा राखणदार

मोठ्या कार्यालयाच्या किंवा रुग्णालयाच्या फाटकावर येणाऱ्याला अडविले जाते, वहीत नाव लिहून घेतले जाते. परंतु एकदा आत आल्यावर, बैठकीच्या खोलीत टेबलाखाली बसविलेल्या सॉकेटमध्ये त्याने आपल्या संगणकाची केबल जोडली तर त्याला अडविणारे कोणी नसते. त्या सॉकेटची तार कुठल्यातरी कपाटातील स्विच या यंत्राच्या एका पोर्टपर्यंत गेलेली असते. आणि काही विशेष व्यवस्था केलेली नसेल, तर स्विच आलेल्या प्रत्येकाला घरचाच मानतो.

ही उणीव दूर करण्यासाठी आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने २००१ मध्ये '८०२.१ एक्स' हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील कल्पना साधी आहे. प्रत्येक पोर्टला जणू दोन दारे असतात. एक लहानशी खिडकी, जिच्यातून केवळ ओळख पटविण्यापुरते बोलता येते. आणि दुसरे मोठे दार, जे ओळख पटेपर्यंत बंदच राहते. गंमत अशी, की दाराशी उभा असलेला स्विच स्वतः काहीच ठरवीत नाही. संगणकाने सांगितलेले नाव, पासवर्ड किंवा प्रमाणपत्र यांविषयीचे संभाषण तो दूरच्या सर्व्हरकडे पोहोचवितो आणि तिकडून होकार आला तरच दार उघडतो. स्विच व सर्व्हर यांच्यातील भाषेला 'रेडियस' म्हणतात. ही भाषा मानकाहून जुनी असून १९९० च्या दशकात टेलिफोनवरून जाळ्यात येणाऱ्यांची ओळख तपासण्यासाठी ती घडविली गेली.

स्विचची मांडणी करताना प्रथम त्याला सर्व्हरचा पत्ता आणि दोघांतच ठेवायचा एक गुप्त शब्द सांगावा लागतो. हा शब्द दोन्हीकडे तंतोतंत सारखा हवा. एक अक्षर जरी चुकले तरी सर्व्हर नकारही देत नाही, तो नुसता गप्प राहतो. आणि संशय मात्र वापरणाऱ्याच्या पासवर्डवर घेतला जातो. त्यानंतर ही व्यवस्था संपूर्ण स्विचवर सुरू करून प्रत्येक पोर्टची स्थिती ठरवावी लागते : सदैव उघडे, सदैव बंद, किंवा ओळखीनुसार. अनेक स्विचांवर पोर्ट मुळात 'सदैव उघडे' असते. म्हणून केवळ मुख्य कळ दाबून निश्चिंत झालेला व्यवस्थापक स्वतःचीच फसवणूक करून घेतो. उलट, ज्या पोर्टमधून स्विच सर्व्हरपर्यंत पोहोचतो तेही या नियमात आणले, तर किल्ली आत ठेवून कुलूप लावल्यासारखे होते.

खरी अडचण अपवादांची आहे. जुना प्रिंटर किंवा कॅमेरा प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. त्याला त्याच्या मॅक पत्त्यावरून आत घेतले जाते. पण हा पत्ता बहुधा यंत्राच्या पाठीवरच छापलेला असतो आणि तो दुसऱ्या संगणकाला सहज धारण करता येतो. तेव्हा अशा यंत्रांना वेगळ्या विभागात ठेवून त्यांना आवश्यक तेवढाच वावर देणे इष्ट. हबसारखे साधे जोडयंत्र मध्ये घातले तर आणखी एक पळवाट निघते : एकाने ओळख पटवावी आणि त्याच्या मागून दुसऱ्याने शिरावे. मानकाच्या २००१ व २००४ च्या आवृत्त्यांत तपासणी उंबरठ्यावरच संपत असे. २०१० च्या आवृत्तीने पुढील प्रत्येक संदेशपुडक्याला संरक्षण देणाऱ्या 'मॅकसेक' पद्धतीशी तिची सांगड घातली. मात्र त्यासाठी दोन्ही टोकांच्या यंत्रांत तशी क्षमता असावी लागते.

रेडियसही निर्दोष नाही. स्विच व सर्व्हर यांच्यामध्ये शिरलेला हल्लेखोर सर्व्हरच्या नकाराचा होकार करू शकतो, हे २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. ८०२.१ एक्सचे संभाषण यातून वाचते, कारण त्यातील प्रत्येक निरोपाला अखंडतेची मोहोर सक्तीची असते. मॅक पत्त्यावरून दिलेल्या सवलतीच्या निरोपांवर ती असेलच असे नाही, म्हणून ती स्विच व सर्व्हर दोघांवरही सक्तीची करणे आवश्यक ठरते.

आणि सर्व्हरच बंद पडला तर? दारे बंद ठेवली तर रुग्णालयातील डॉक्टरला रक्ततपासणीचा अहवाल दिसणार नाही. उघडी ठेवली तर सर्व्हर बंद पाडणे हीच घुसखोराची किल्ली होईल. स्विचवर दोन्ही पर्याय उपलब्ध असतात. निवड मात्र तंत्रज्ञावर सोपवू नये. ती संस्थेच्या प्रमुखांनी आधीच करून ठेवावी. निदान दोन सर्व्हर ठेवणे तरी शहाणपणाचे.

अनुभवी व्यवस्थापक सुरुवातीला कोणालाच अडवीत नाहीत. काही आठवडे ते पोर्टला केवळ विचारपूस करू देतात आणि सर्व्हरची नोंदवही वाचतात. ओळख न पटलेल्यांच्या यादीत चोर क्वचितच सापडतो. सापडतात ती विस्मरणात गेलेली यंत्रे : हजेरीचे यंत्र, लिफ्टजवळचा कॅमेरा, किंवा लेखा विभागातील एखादा प्रिंटर, जो तेथे कोणी आणून ठेवला हे आता कोणालाच आठवत नाही.