तुम्ही भेळ विकता का?

अनोळखी माणसाला आपली खासगी अडचण विचारायची आणि त्यानं चारचौघांसमोर उत्तर द्यायचं, ही रीत सव्वातीनशे वर्षांहून जुनी आहे. या सल्ल्यात विनोदाला एवढं महत्त्व का आलं, आणि तो विनोद कोणावर असावा?

गर्भ राहू नये म्हणून लिंबाचा रस वापरला तर चालेल का, असा प्रश्न एका वाचकानं ‘मुंबई मिरर’ या वृत्तपत्राला पाठवला होता. सदर लिहिणारे डॉ. महिंदर वत्स यांनी उलट विचारलं, तुम्ही भेळ विकता का? ही भलती कल्पना तुमच्या डोक्यात आली कुठून? आणि लगेच पुढे सांगितलं, की त्यासाठी सोपे, निर्धोक उपाय पुष्कळ आहेत, कंडोम वापरा.

उत्तर तीन-चार वाक्यांचं, पण त्याची बांधणी बघण्यासारखी आहे. आधी हसवलं, मग समजूत खोडली, मग खरा उपाय सांगितला. टिंगल झाली ती लिंबाची. विचारणाऱ्याची गरज रास्त होती आणि ती तशीच मानली गेली. ‘एवढंही कळत नाही का?’ असं वत्सांनी म्हटलं असतं, तर त्या माणसानं पुन्हा कोणालाच काही विचारलं नसतं, आणि त्याच्यासारखे इतरही गप्प बसले असते.

वत्स हे स्त्रीरोगतज्ज्ञ. जन्म १९२४चा. लैंगिक शिक्षणाचं काम त्यांनी अनेक वर्षं केलं होतं, पण २००५ साली ‘मिरर’मधलं सदर सुरू झालं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मैत्रिणीसाठी आणलेली गर्भनिरोधक गोळी घाईगडबडीत स्वतःच गिळून बसलेल्या एका तरुणानं घाबरून विचारलं, आता मला काही होईल का? वत्सांचा सल्ला असा, की पुढच्या वेळी कंडोम वापरा, आणि तो मात्र गिळू नका. लोकलमध्ये पेपर उघडून लोक आधी हेच सदर वाचत असतील, तर त्यात नवल नाही. हसता हसता कामाची गोष्ट डोक्यात बसत होती.

नाव झाकलं की तोंड उघडतं

सल्ल्याचं हे दुकान पहिल्यांदा मांडलं गेलं लंडनमध्ये, १६९१ साली. जॉन डन्टन नावाच्या पुस्तकविक्रेत्यानं ‘अथेनियन मर्क्युरी’ हे पत्र काढलं. पाठपोट छापलेला एकच कागद. वाचकांनी स्मिथच्या कॉफीहाउसच्या पत्त्यावर निनावी प्रश्न पाठवायचे आणि विद्वानांच्या मंडळानं त्यांची उत्तरं द्यायची, असा बेत होता. हे भारदस्त मंडळ म्हणजे मुख्यतः स्वतः डन्टन, त्याचा साडू सॅम्युएल वेस्ली आणि रिचर्ड सॉल्ट नावाचा एक गणिताचा मास्तर. प्रश्न धर्माचे, निसर्गातल्या कोड्यांचे आणि अर्थातच प्रेमाचे नि लग्नाचे. बायकांनीही विचारावं, असं डन्टननं मुद्दाम जाहीर केलं होतं. हा उद्योग १६९७ पर्यंत चालला.

डन्टनला एक गोष्ट नेमकी उमगली होती. नाव झाकलं की माणसाचं तोंड उघडतं. आपल्याकडे नाजूक विषय निघाला, की ‘माझ्या एका मित्राची अडचण आहे’ अशी सुरुवात होते, आणि तो मित्र कोण हे ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यातच कळतं. निनावी पत्रात या सोंगाची गरज उरत नाही. शिवाय विचारणारा एक असला, तरी वाचणारे हजारो असतात. डॉक्टरच्या खोलीत दिलेला सल्ला एकाच्या उपयोगी पडतो; छापलेला सल्ला त्या सगळ्यांच्या उपयोगी पडतो, ज्यांना विचारायचं होतं पण धीर झाला नव्हता.

मासिक ते न्यायालय

मराठीत हे काम ज्यांनी केलं, तेही गणिताचेच प्राध्यापक. र. धों. कर्वे. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ एकहाती, ते चालवलं. वाचक त्यात शरीराबद्दल, कामवासनेबद्दल, हस्तमैथुनाबद्दल प्रश्न विचारत. ज्या गोष्टी घरात, शाळेत, देवळात कोणी बोलू देत नव्हतं, त्या सगळ्या तिथे येत.

कर्व्यांचा विनोद वत्सांसारखा आजोबांच्या मायेचा नाही. तो कोरडा आहे, चांगलाच झोंबणारा आहे. पण त्याची दिशा बघा. विचारणाऱ्याला उत्तर मिळे ते शरीरशास्त्राच्या सरळ भाषेत. टोमणे राखून ठेवलेले असत धर्ममार्तंडांसाठी आणि नीतीच्या ठेकेदारांसाठी. ‘शारदेची पत्रे’ या सदरात तर ते बाईच्या नावानं लिहून समाजातल्या ढोंगाची खिल्ली उडवत.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३१ साली अश्लीलतेच्या खटल्यात शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. या वेळी कर्व्यांची बाजू मांडायला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, लोकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानानंच जाईल, आणि वाचकानं प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळायलाच हवं, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्वे खटला हरले. दंड दोनशे रुपये. उत्तरं देणं मात्र थांबलं नाही. पुढे कित्येक दशकांनी वत्सांच्या सदराविरुद्धही अश्लीलतेची तक्रार न्यायालयापर्यंत गेली, यावरून आपण किती पुढे आलो ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दहा हजार पत्रं, तरी चूक

जाहीर सल्ल्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, आणि तिचा उत्तम नमुना अमेरिकेत सापडतो. एपी लेडरर आणि पॉलीन फिलिप्स या जुळ्या बहिणी. १९५५ मध्ये एपी ‘अ‍ॅन लँडर्स’ या नावानं शिकागोच्या पेपरात सल्ला देऊ लागली. काही महिन्यांतच पॉलीननं ‘डिअर अ‍ॅबी’ हे आपलं वेगळं सदर काढलं. मग दोघींचं बोलणं काही वर्षं बंद होतं. देशभराला नाती जपायला शिकवणाऱ्या बहिणींची ही गत! लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं.

एपीला काम मिळालं त्याची गोष्ट मजेशीर आहे. परीक्षेसाठी तिला प्रश्न दिला होता, की एकाच्या झाडाचे अक्रोड शेजाऱ्याच्या अंगणात पडले, तर ते कोणाचे? तिनं ओळखीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना थेट फोन लावला आणि उत्तर लिहून दिलं. आपल्याला ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं, ही तिची पद्धत.

पण तिचं एक सदर संख्याशास्त्राच्या वर्गात आजही शिकवतात, ते निराळ्या कारणासाठी. १९७०च्या दशकात तिनं वाचकांना विचारलं, पुन्हा संधी मिळाली तर तुम्ही मुलं होऊ द्याल का? सुमारे दहा हजार पत्रं आली आणि त्यांतल्या ७० टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. देश हादरला. त्यानंतर ‘न्यूजडे’ या वृत्तपत्रानं यादृच्छिक पद्धतीनं पालक निवडून हाच प्रश्न विचारला, तर ९१ टक्के ‘हो’ म्हणाले. कारण साधं आहे. जो पोळलाय तो पत्र लिहायला बसतो. ज्याचं बरं चाललंय तो पोरांना घेऊन बागेत जातो. शंभर जणांनी एकसुरात तोच सल्ला दिला, म्हणून तो बरोबर ठरत नाही. न बोललेले किती, हे त्यात दिसत नाही.

मग जाहीर सल्ला घ्यावा की नाही? जरूर घ्यावा, पण दोन गोष्टी तपासून. पहिली, हसू ओसरल्यावर हाती काही उरतं का? वत्सांच्या उत्तरातून भेळ काढून टाकली तरी सल्ला शिल्लक राहतो. नुसती टोपी उडवणारा माणूस करमणूक करतो, त्याच्याकडे उपाय मागू नये. दुसरी, सांगणारा कोण आहे? सल्ला देताना कर्वे आणि वत्स स्वतःच्या नावानं लिहीत आणि त्याचे परिणाम भोगत. लँडर्स आणि अ‍ॅबी ही नावं टोपण होती, पण त्यांच्यामागे कोण बसलंय हे वाचकांना माहीत होतं. विचारणाऱ्यानं नाव खुशाल झाकावं, त्याचा तो हक्क आहे. सांगणाऱ्यानं झाकलं असेल, तर तब्येत, पैसा आणि कोर्टकचेरी या तीन बाबतींत त्याचं वाचून हसावं, आणि औषध मात्र डॉक्टरलाच विचारावं.