चालत्या प्रोग्रामने काय काय धरून ठेवलंय?

वर्ध्याहून आर्वीकडे निघालं की वाटेत आंजी (मोठी) लागते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र इथे आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या शोधनिबंधांत या गावाचं नाव बरेचदा येतं. संगणकाच्या पुस्तकात मात्र ते कधी माझ्या पाहण्यात आलेलं नाही. येण्याचं तसं कारणही नाही. पण १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी जे युनिक्स रचायला घेतलं, त्याच्याच वळणावर घडलेलं लिनक्स आज आंजीच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. त्यामुळे युनिक्सची सगळ्यात अजब करामत बघायला ना पुण्याला जावं लागतं, ना महागडं यंत्र घ्यावं लागतं.

टर्मक्स नावाचं फुकट ॲप फोनमध्ये घ्या. उघडलं की काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर दिसतो. तिथे ‘एलएस’ ही यादी काढणारी आज्ञा द्या, तिला उणे-एल हा पर्याय जोडा आणि पत्ता म्हणून प्रॉक, त्यातलं सेल्फ, त्यातलं एफडी हे फोल्डर सांगा. वरची ‘टोटल’ची ओळ सोडली तर पडद्यावर रोमन अक्षरांत चार ओळी उमटतात. तारखा आणि परवानग्यांचा पसारा वगळला तर त्या साधारण अशा:

० → /डेव्ह/पीटीएस/०
१ → /डेव्ह/पीटीएस/०
२ → /डेव्ह/पीटीएस/०
३ → /प्रॉक/८१४२/एफडी

चारच ओळी, पण मी दरवेळी त्यांच्याकडे टक लावून बघतो.

डावीकडचे आकडे म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर. जुन्या बँकांमध्ये चेक दिला की हातात पितळी टोकन मिळायचं. टोकनावर फक्त आकडा असायचा. तुमचं खातं, रक्कम, सही सगळं काउंटरपलीकडच्या वहीत. प्रोग्रामचंही तसंच चालतं. त्याने फाइल उघडायला सांगितली की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, त्याला एक आकडा देतो. फाइल डिस्कवर कुठे आहे, वाचायला उघडली की लिहायला, वाचन कुठवर आलं, ही सगळी नोंद कर्नल स्वतःपाशी ठेवतो. प्रोग्राम पुढे एवढंच म्हणतो, ‘तीन नंबरमधून वाच.’ प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालत्या प्रोग्रामची, टोकनं वेगळी, म्हणून माझा तीन आणि तुमचा तीन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि नवीन टोकन नेहमी रिकाम्या आकड्यांपैकी सगळ्यात लहान मिळतं. हा नियम दिसतो किरकोळ, पण पुढे फार कामाला येतो.

पहिले तीन आकडे वहिवाटीने ठरलेले आहेत. शून्यावरून माहिती आत येते, एकवरून उत्तर बाहेर जातं, दोनवरून तक्रारी. आपल्या यादीत तिन्ही एकाच पडद्याकडे बोट दाखवतात. मग तक्रारींना वेगळा आकडा काहून, असं आंजीतला एखादा पोरगा विचारेलच. यामागची गोष्ट बेल प्रयोगशाळेतले स्टीव्ह जॉन्सन सांगत. तिथे एक फोटोटाइपसेटर आला होता. मजकूर पाठवायचा, मग फोटोचा कागद रसायनात धुऊन काढायचा, एवढा खटाटोप. एका दुपारी कित्येकांच्या कागदावर, धुतल्यानंतर, सुबक टाइपात एकच ओळ निघाली: अमुक फाइल उघडता येत नाही. चूक सांगणारा संदेशही उत्तराच्याच वाटेने छपाईला गेला होता! कुरकुर योग्य माणसांच्या कानावर गेली आणि दोन-तीन दिवसांत तक्रारींसाठी निराळी वाट तयार झाली. आज जगभरचे प्रोग्राम जो दोन नंबर वापरतात तो एका वाया गेलेल्या फोटोपेपरातून आलाय.

आता चौथी ओळ. तीन नंबरवर कोण बसलंय? आपण यादी काढायला सांगितली. यादी काढायची तर एलएसला ते फोल्डर उघडावं लागलं. उघडल्याबरोबर त्याला सगळ्यात लहान रिकामा आकडा मिळाला, तीन. म्हणजे काय उघडं आहे हे बघण्यासाठी जे उघडलं, तेही यादीत आलं. सेल्फ म्हणजे विचारणारा प्रोग्राम स्वतः, म्हणून त्याच्या जागी ८१४२ दिसतो: हा त्या क्षणी एलएसला मिळालेला प्रोसेस क्रमांक, तुमच्या फोनवर दुसरा असेल. आता मुद्दाम प्रॉकमध्ये जाऊन त्या क्रमांकाचं फोल्डर शोधा. सापडणार नाही. यादी छापून एलएस संपला आणि त्याच्याबरोबर ते फोल्डरही गेलं.

प्रॉकमधलं काहीच डिस्कवर नसतं. इथल्या बहुतेक फाइलींचा आकार शून्य दिसतो, पण उघडून वाचा, आत मजकूर असतो. तुम्ही वाचायला गेलात की कर्नल त्या क्षणाची स्थिती बघतो आणि मजकूर तिथल्या तिथे तयार करून देतो. ही कल्पना टॉम किलियन यांची, बेल प्रयोगशाळेतल्याच युनिक्सच्या आठव्या आवृत्तीतली. १९८४ मध्ये त्यांनी यावर निबंध वाचला. त्याआधी चालू प्रोग्रामची माहिती हवी असेल तर ‘पीएस’सारख्या साधनाला थेट कर्नलच्या स्मृतीत हात घालून चाचपडावं लागे. किलियन म्हणाले, प्रोसेसलाच फाइल करून टाका, म्हणजे फाइल वाचायची जी साधनं आहेत तीच पुरतील. पुढे त्याच प्रयोगशाळेतल्या प्लॅन ९ या प्रणालीने प्रत्येक प्रोसेसचं फोल्डर केलं आणि लिनक्सने तेच वळण उचललं. युनिक्सच्या साऱ्या कल्पनांत मला ही सगळ्यात देखणी वाटते, एका प्रोग्रामचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी देणाऱ्या पाइपपेक्षाही.

खरी गंमत लिनक्सच्या लॅपटॉपवर येते, कारण तिथे आपले सगळे प्रोग्राम उघडून बघता येतात. एखाद्या लग्नाचा मोठा व्हिडिओ घ्या, त्याची एक प्रत करा आणि ती प्रत लावा. ती चालू असतानाच दुसऱ्या टर्मिनलवरून डिलीट करा. व्हिडिओ थांबत नाही. नवरदेव घोड्यावर, बँड जोरात. युनिक्समध्ये फाइल उडवणं म्हणजे फोल्डरमधलं तिचं नाव खोडणं. प्रत्यक्ष माहिती तेव्हाच सोडली जाते, जेव्हा तिला एकही नाव उरत नाही आणि कुणी ती उघडूनही धरलेली नसते. आता प्लेअरच्या प्रोसेसचं एफडी फोल्डर बघा. एका आकड्यापुढे त्या व्हिडिओचा जुना पत्ता असेल आणि शेवटी कंसात ‘डिलीटेड’ हा शेरा. त्या आकड्याच्या नावाने कॉपीची आज्ञा द्या. अख्खा व्हिडिओ जसाच्या तसा परत हातात येतो. फक्त प्लेअर बंद करायच्या आधी हे उरकायचं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हाच प्रकार उलट बाजूने छळतो. डिस्क भरली म्हणून कुणीतरी भलीमोठी लॉग फाइल उडवतो, आणि जागा तसूभरही मोकळी होत नाही. सगळ्या फाइलींची बेरीज एक सांगते, डिस्क दुसरंच. लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रामने ती उघडून धरलेली असते, बेरजेत न दिसणारी जागा तिथे अडकलेली असते. अशा वेळी ‘एलएसओएफ’ धावून येतं. उघड्या फाइलींची यादी देणारं हे साधन पर्ड्यू विद्यापीठातल्या व्हिक एबल यांनी लिहिलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं. मॅकवर प्रॉक नाही, पण एलएसओएफ आहे. युनिक्सच्याच कुळातल्या सोलारिसवर ‘पीफाइल्स’, फ्रीबीएसडीवर ‘प्रॉकस्टॅट’.

एफडीच्या शेजारी एफडीइन्फो नावाचं फोल्डर असतं, त्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. मोठी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायला लावा आणि कॉपीच्या प्रोसेसमधल्या त्या फोल्डरात मूळ फाइलच्या नंबरची नोंद वाचा. ‘पॉस’ या शब्दापुढे एक आकडा दिसेल: वाचन कितव्या बाइटवर आलंय तो. पुन्हा वाचा, वाढलेला. पुन्हा वाचा, आणखी वाढलेला. कॉपीची आज्ञा स्वतः तोंडातून चकार शब्द काढत नाही, तरी तिची प्रगती बाहेरून वाचता येते. मात्र आकडा शेवटाला पोचला म्हणून लगेच पेनड्राइव्ह उपटू नका. वाचून झालं तरी लिहायचं काही अजून स्मृतीतच रेंगाळत असतं.

सगळ्याच आकड्यांपुढे फाइलचा पत्ता असतो असं नाही. ब्राउझरचं फोल्डर उघडलं तर ‘सॉकेट’ आणि चौकटी कंसात एक लांबलचक संख्या, अशा ओळींची रांग लागते. ही जाळ्यावरची आणि प्रोग्रामांच्या आपसातली बोलणी. ती संख्या घेऊन प्रॉकच्या नेट फोल्डरातली टीसीपी फाइल धुंडाळली की समोरच्या यंत्राचा पत्ता सापडू शकतो, तोही सोळाच्या पायावर आणि उलटसुलट लिहिलेला. १२७.०.०.१ हा आपल्याच यंत्राचा पत्ता तिथे ०१००००७एफ असा दिसतो. हे हाताने उलगडण्यात फार शहाणपण नाही, एलएसओएफ ते करून देतं. पण एकदा तरी करून बघावं.

आणि तो सगळ्यात लहान आकड्याचा नियम. बहुतेक लिनक्सवर एका प्रोसेसला नेहमीच्या मर्यादेत १०२४ डिस्क्रिप्टर मिळतात. नीटनेटका प्रोग्राम काम झालं की फाइल बंद करतो, आकडा मोकळा होतो आणि पुढच्याला मिळतो. म्हणून साध्यासुध्या प्रोग्रामचे आकडे लहानच राहतात. यादीत आठशे-नऊशेचे आकडे दिसू लागले आणि रोज वर सरकू लागले, तर कुठेतरी उघडलेलं बंद होत नाहीये. १०२४ चा टप्पा गाठला की ‘टू मेनी ओपन फाइल्स’ म्हणत प्रोग्राम हात टेकतो. तोवर वाट बघायची गरज नाही, रोग आधीच दिसतो.

इतकं सगळं दिसतं म्हटल्यावर कुणीही कुणाचंही बघेल का? नाही. सर्वसाधारणपणे आपल्या प्रोसेस आपल्याला दिसतात, दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये डोकावायला प्रशासकाचे अधिकार लागतात. अँड्रॉइडने आवृत्ती ७ पासून दार आणखी घट्ट केलं आणि एका ॲपला दुसऱ्याच्या प्रोसेस दिसेनाशा झाल्या. कुतूहलाचा थोडा विरस होतो खरा. पण ज्या फोनवर बँकेचं ॲप आणि कुठलासा फुकटचा खेळ शेजारी नांदतात, तिथे हे बरोबरच झालं.

वर्ध्यात, आर्वीत किंवा कुठेही संगणक शिकत असाल तर फाइल डिस्क्रिप्टरची व्याख्या परीक्षेसाठी पाठ करण्याआधी लॅबमधल्या लिनक्सवर व्हिडिओचा तो प्रयोग एकदा करा. प्रत काढूनच करा, म्हणजे लग्नवाल्यांकडून बोलणी खावी लागणार नाहीत.