खिशातलं पातं

दिवाळीनंतर मुलाकडे निघालो तेव्हा विमानतळावरच्या तपासणीत माझा घडीचा चाकू गेला. चूक माझीच. मोठ्या बॅगेत टाकायचा तो सवयीनं खिशात राहिला. "काका, आता चाकू कोण ठेवते खिशात?" तपासणारा पोरगा म्हणाला. रांग लांब होती, उत्तर राहून गेलं.

खिशातल्या चाकूचा जगातला इतिहास दोन ओळींत संपतो. कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले, १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा चाकू काढला. १९८३ मध्ये अमेरिकेत टिम लेदरमन यांची पक्कडवाली घडी बाजारात आली. आमच्या गावच्या, मुकुटबनच्या खिशात यातलं काही पोचलं नाही.

आमच्याकडे होता तो वणीच्या बाजारातला. लाकडी मूठ, साधं पोलादी पातं. निवडायची रीत ठरलेली: उघडून मूठ हलवायची, खिळा खुळखुळला की परत ठेवायचा. खटक्याचा नको, तो मिरवायचा. पातं बोटाएवढं पुरे. स्टेनलेस चकचकीत दिसायचं, पण आम्हाला गंजणारं पोलाद बरं वाटे. रात्री दगडावर चार हात मारले की सकाळी धार हजर.

नव्वदच्या दशकात त्या पात्याला दिवसभर उसंत नसे. कापसाच्या बोऱ्याची सुतळी, युरियाच्या पोत्याची शिवण, बांधावरचा आंबा, पोराची पेन्सिल. रात्री बारा वाजता लाइन आली आणि मोटर सुरू होईना, की बॅटरीच्या उजेडात वायर सोलून फ्यूजच्या किटकॅटमध्ये तार भरायची. किल्ल्यांच्या कडीत छोटा टेस्टर असे, नेलकटर असे आणि एक बारीक तार. तार सगळ्यात महत्त्वाची. फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं की तिनं मोकळं करायचं. ज्यांच्याकडे ती नसे ते तोंडानं फुंकत. मी त्यांच्याशी कितीदा भांडलो असेन, तेव्हा ते हसत. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. कारणं पुष्कळ होती, ती एका तारेनं टळली नसती. पण तोंडानं फुंकणारे आठवले की अजून संताप येतो.

पुढची वर्षं भराभर गेली. २००२ मध्ये बीटी कापूस आला, बियाण्याची ४५० ग्रॅमची पाकिटं आली, त्यावर 'येथे फाडा' छापून आलं. तिथं ती कधीच फाटत नाहीत. माणसं दातांनी फाडतात, बियाण्याला लावलेलं औषध तोंडात जातं. टेस्टर वायरमनचा झाला, धार लावणारा सायकलवाला फिरकेनासा झाला. पुतण्यानं ऑनलाइन मागवलेल्या चौदा अवजारांच्या घडीतला स्क्रू ड्रायव्हर स्टार्टरच्या पहिल्याच स्क्रूला वाकला. उरलेली तेरा अवजारं त्याच्या गाडीच्या किल्लीला लटकून वाजतात. आणि २०२४ मध्ये तर खुद्द एल्सनर यांच्या स्विस कंपनीच्या प्रमुखानंच सांगितलं की पातं नसलेला चाकू बनवतो आहोत!

परत आल्यावर वणीला गेलो. घडीचा मागितला. दुकानदारानं आत जाऊन लाल प्लास्टिकच्या मुठीचा, भाजी चिरायचा आणून ठेवला. पेपरात गुंडाळून तोच खिशात टाकला. मुकुटबन येईतो खिशाचं अस्तर फाटलं होतं.