ज्वारीच्या मुलखात जवारी

१९८९ च्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर एक कर्जाचा अर्ज आला. रक्कम सहा हजार रुपये. अर्जदार प्राथमिक शाळेतले मास्तर, नोकरी पक्की, शिवाय चार एकर कोरडवाहू जमीन. 'कर्जाचे कारण' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले होते : 'गाणे नीट ऐकू यावे म्हणून.'

मी तेव्हा बेंबळीच्या शाखेत होतो. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता. तुरी, ज्वारी, उस्मानाबादी शेळ्या आणि पाण्याची वाट बघणारी माणसे असा तो मुलूख. शेळ्यांसाठी, विहिरींसाठी, बैलजोडीसाठी मी शेकडो अर्ज मंजूर केले होते. पण हे असले कारण नोकरीत पहिल्यांदाच वाचत होतो, आणि खरे सांगायचे तर पुढेही कधी वाचायला मिळाले नाही.

मास्तरांना समोर बसवले. म्हटले, "रेडिओ आहे ना घरी? टेपही आहे म्हणता."

"आहे की साहेब. पण त्यात तंबोरा ऐकू येत नाही. नुसती माशी गुणगुणल्यासारखं होतं. आपल्याकडं ज्वारी पिकते, पण तंबोऱ्याची जवारी काही ऐकायला मिळत नाही."

ज्यांना गाण्याची फारशी सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून वरचे स्वर फुलत राहतात. तीच जवारी. हे वरचे स्वर फार नाजूक असतात. स्वस्त टेपच्या चार इंची स्पीकरमधून ते बाहेर पडतच नाहीत. गवयाचा आवाज येतो, तबल्याची टकटक येते, पण ज्या जमिनीवर ते गाणे उभे असते ती जमीन गायब होते. मास्तरांना ती जमीन हवी होती. सोलापूरच्या एका मेकॅनिककडून अँप्लिफायर, दोन चांगले स्पीकर आणि वापरलेला रेकॉर्ड प्लेअर, असा त्यांचा बेत होता. पेट्या गावातला सुतार करून देणार होता.

मी अर्ज नामंजूर केला.

आमच्या योजनेच्या यादीत टीव्ही होता, फ्रिज होता, स्कूटर होती. अँप्लिफायर नव्हता. उद्या हप्ते थकले तर त्या जप्त केलेल्या लाकडी पेट्या बेंबळीच्या बाजारात घेणार कोण, हा माझा सरळ हिशेब. मी उदारपणे म्हणालो, "टीव्हीला देतो. आजच्या आज देतो." दूरदर्शनवर 'रामायण' होऊन गेले होते, 'महाभारत' चालू होते, आणि टीव्हीच्या कर्जाला कुणी नाही म्हणत नव्हते. मास्तर हसले, नमस्कार करून गेले.

आठवड्याने ते पत्नीला घेऊन आले. सोनेतारण कर्ज हवे होते, तारण दोन पाटल्या. बँकेच्या सराफाने कसोटीवर सोने घासले, वजन केले, किंमत लिहिली. 'कारण' या रकान्यात या वेळी लिहिले होते : 'शेतीकामासाठी.' शेतीला व्याज कमी पडे. मी मास्तरांकडे पाहिले, मास्तर छताच्या पंख्याकडे पाहू लागले, आणि मी सही केली. आता निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तेव्हा कबूल करायला हरकत नाही.

घरात उत्तम आवाजाचे यंत्र असावे ही हौस आपल्या देशात, किंवा आपल्यासारख्याच नव्याने पैसा पाहणाऱ्या देशांत, मूठभर लोकांपुरतीच का राहिली, असे कुणी विचारले की मला त्या दोन पाटल्या आठवतात. गरिबी हे उत्तर तोंडावर असते, पण ते अपुरे आहे. त्याच बेंबळीत लग्नात मंडपावर आणि वाजंत्रीवर मास्तरांच्या कर्जाच्या कितीतरी पट खर्च होत होता. पैसा नव्हता असे नाही. तो कशावर घालायचा याची एक उतरंड ठरलेली होती. सोने सर्वात वर, कारण ते अडीअडचणीला बँकेत ठेवता येते. मग टीव्ही, कारण तो शेजाऱ्याला दिसतो आणि घरातल्या दहा माणसांना एकदम पुरतो. आवाजाचा चांगुलपणा दिसत नाही, तारण ठेवता येत नाही, आणि ज्याने तो ऐकलेला नाही त्याला समजावूनही सांगता येत नाही.

ऐकायला मिळणार तरी कुठे? १९९१ पूर्वीचे दिवस आठवा. परदेशी यंत्रे आणायला परवाने आणि जबर जकात. कुणाचा मेहुणा आखातातून आला तर टू-इन-वन घेऊन येई, आणि तो भरतकाम केलेल्या कापडाखाली झाकलेला असे. देशी कंपन्या होत्या. कोलकात्याची सोनोडाइन होती, कॉस्मिक होती. त्यांचा माल वाईट नव्हता, पण तो मोठ्या शहरांच्या दुकानांतून. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची शेवटची बंधने उठली ती १ एप्रिल २००१ ला. तोवर एका पिढीचे कान घडून गेले होते.

ते कान घडवले कॅसेटने. फिलिप्सने १९६३ साली आणलेली ही छोटी डबी आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गावोगाव पोचली. तिचे उपकार मी विसरणार नाही. तोवर रेकॉर्ड म्हणजे पैसेवाल्यांचे काम होते. कॅसेटने ओव्या, भारुडे, पोवाडे, भीमगीते, सगळ्यांना बाजारात जागा दिली. पण टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या सावकाश सरकणारी आणि जेमतेम चार मिलिमीटर रुंद. त्यात बसस्टँडवर मिळणारी कॅसेट ही बहुधा नकलेची नक्कल. असे गाणे लाख रुपयांच्या यंत्रावर लावले तरी त्यातून खरखरच अधिक स्वच्छ ऐकू येईल. मग यंत्रावर पैसे घालायचे कशाला? लोकांचा हिशेब काही चुकीचा नव्हता.

आणि वीज. व्होल्टेज रात्री चढे, संध्याकाळी शेतातले पंप लागले की पडे. रेकॉर्ड प्लेअरची चकती मध्येच मंदावली की ख्याल पाव सुराने उतरायचा. पुढे लोडशेडिंगच्या काळात तर प्रश्नच मिटला. सेल घालून चालेल ते यंत्र खरे.

मास्तरांचा संच मात्र लागला. सुताराने सागवानी पेट्या केल्या, आत घरचा पिंजलेला कापूस भरला. त्यांचे घर जुने, माळवदाचे. दीड हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर तुळयांवर मातीचे धाबे, खाली शेणाने सारवलेली भुई, दांडीवर गोधड्या. एका रविवारी त्यांनी मला बोलावले. पहिल्यांदा आवाज कोपऱ्यात घुमत होता. मास्तरांनी ज्वारीची चार पोती ओढून दोन्ही कोपऱ्यांत उभी केली. घुमणे बसले. मग त्यांनी भीमसेनांची एलपी लावली. गाणे सुरू व्हायच्या आधीचे ते काही क्षण, नुसता तंबोरा. मी चहाचा कप खाली ठेवला. दोन तंबोरे आहेत हे मला कळत होते, एक किंचित डावीकडे. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात मी मांडवाच्या मागच्या टोकाला बसून रात्री काढल्या होत्या, पण असा तंबोरा मी ऐकला नव्हता.

"ऐकायलाव ना साहेब?" मास्तरांनी हळूच विचारले. मान हलवण्यापलीकडे मला काही सुचले नाही.

पोत्यांची युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. जाणकार लोक आता अशाच कामासाठी महागड्या गाद्या भिंतीला लावतात. यंत्राइतकीच खोली महत्त्वाची असते, ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. आणि आपल्या बहुतेक घरांत तशी खोली नसते. दहा बाय बाराची सिमेंटची पेटी, खाली शहाबादी फरशी, बाहेर कुकरच्या शिट्ट्या, आत परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा आणि दुखणाईत आजी. एका माणसाने तासभर दार लावून गाणे ऐकायचे, ही कल्पनाच आपल्या घराला परकी.

आपले ऐकणे घराबाहेरचे. जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचे गाव. तिथे टाळ-मृदंग ऐकताना आवाजाचा दर्जा कुणी विचारत नाही, कारण वाजवणारा शेजारी उभा असतो. पुढे मृदंगाच्या जागी कर्णा आला, आता भिंतीएवढे डीजे आले. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९५० च्या दशकात हेच झाले. घरी यंत्र परवडत नव्हते, म्हणून लोकांनी अंगणात अजस्र स्पीकर उभारले आणि त्याभोवती अख्खी वस्ती नाचू लागली. जपानने वेगळी वाट काढली. युद्धानंतर परदेशी रेकॉर्ड महाग, तेव्हा तिथे जॅझची कॉफीघरे निघाली. मालक उत्तम यंत्र लावी, गिऱ्हाईक एका कपावर तासन् तास मुकाट्याने ऐकत बसे. त्यातून ऐकणारे तयार झाले. आपल्याकडे मुंबईत जुन्या रेकॉर्डच्या संग्राहकांची संस्था १९९० साली निघाली आणि तिने एकत्र बसून ऐकायच्या बैठकी भरवल्या. पण तालुक्याच्या गावी असे काही झाले नाही. इराण्याच्या हॉटेलात रेडिओ होता, तो बोलण्यावर आवाज चढवण्यासाठी.

१९९१ ला माझी बदली झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर या गावांचे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. हजारो माणसे त्या जाड भिंतींखालीच गेली. बेंबळी वाचली, पण नंतर कित्येक महिने माळवदाखाली कुणी झोपेना. जिथे तिथे पत्र्याची शेड उभी राहिली. मी १९९४ साली भेटायला गेलो तेव्हा मास्तरही पत्र्याखाली राहत होते. संच तोच, रेकॉर्ड तीच. मास्तरांनी ती लावली आणि मिनिटभराने सुई उचलली. खर्जाबरोबर पत्रा थरथरत होता.

"माळवदात जाऊन ऐकावं म्हणतो," ते म्हणाले, "पण मंडळी जाऊ देत नाही. आणि तिचंही खरं आहे."

गेल्या दिवाळीत धाराशिवला एका कार्यक्रमासाठी गेलो होतो, वाट वाकडी करून बेंबळीला गेलो. मास्तर जाऊन बरीच वर्षे झाली. सिमेंटचे घर झाले आहे. नातू साउंड सिस्टीम भाड्याने देतो, चांगला चाललाय धंदा. त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये भीमसेन, कुमार, किशोरीताई सगळे फुकट, आणि आवाज आमच्या कॅसेटपेक्षा कितीतरी स्वच्छ. तो ते ऐकतो हाताच्या मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर. त्याने मला मागच्या खोलीत नेले. सागवानी पेट्या तिथेच होत्या.

"साहेब, तुम्ही बँकेतले. याचे किती येतील?"

मी म्हटले, आधी वाजतात का बघू. त्याने वायरी शोधल्या, मोबाइल आपल्या धंद्याच्या अँप्लिफायरला जोडला, मास्तरांच्या पेट्यांना आवाज दिला. तंबोरा आला. जवारीही आली, पण कोपऱ्यातून सगळे घुमू लागले.

मास्तरांच्या पत्नी दारात बाजेवर बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. पाटल्या हातात होत्या, त्याच की दुसऱ्या ते मी विचारले नाही. नातवाला म्हणाल्या, "आरं, आवाज कमी करून काय हुतंय? ज्वारीची पोती आण की कोपऱ्यात. तुजा आजा तसंच करायचा."

नातवाने माझ्याकडे पाहिले. मग आम्ही दोघे पडवीत गेलो आणि एकेक पोते ओढत आत आणू लागलो.